सूर्याला देवी आल्या, त्या साली माझं लग्न

माझ्या लग्नात विघ्न आलं ते सूर्यामुळे. लोकांच्या लग्नात हुंड्यावरून विघ्न येतं, मानपानावरून येतं, वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडलं म्हणून येतं. माझ्या लग्नात सूर्यावर डाग पडले. हे मी कोणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हळूच माझ्या सुनेकडे बघतो, म्हातारीला वेळेवर औषध देता ना, अशा नजरेनं. देतात हो. औषध देतात, चहाही देतात. डोकं माझं शाबूत आहे. बसा, सांगते.

आमचं गाव किन्हीराजाच्या अलीकडचं. तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही सगळे अकोल्याचे. माझं सासर म्हणजे लगतचंच गाव. दोन्ही गावांच्या मध्ये एक नाला, नाल्यापलीकडे मोकळा माळ, आणि माळाच्या त्या टोकाला एक पळस. नाला आमच्या बाजूला, पळस त्यांच्या बाजूला. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं नाला आणि पळस यांच्या मधली आहेत.

या माळावर कुठंतरी दोन गावांची शीव होती. कुठंतरी म्हणते, कारण शिवेचा दगड बाहत्तरच्या दुष्काळात फुटला. सरकारनं रस्त्याचं काम काढलं होतं, खडी फोडा आणि मजुरी घ्या. दोन्ही गावं हातोडे घेऊन माळावर बसली. आधी सुटे दगड संपले, मग बांधावरचे संपले, मग जो दिसेल तो. पोटात आग पडलेली असताना शेंदूर लावलेला दगड कोणता आणि बिनशेंदराचा कोणता, हे कोण बघत बसतं? शिवेचा दगड फुटला. टेकडीवर इंग्रजांच्या वेळच्या मोजणीवाल्यांनी रोवलेला, वर खूण कोरलेला एक दगड होता, तोही फुटला. दोन्हींची खडी रस्त्याखाली गेली.

मग पाऊस आला, दुष्काळ गेला, पोटं भरली, आणि पोटं भरल्यावर सगळ्यांना शीव आठवली. माझे वडील म्हणायचे, शीव पळसापाशी होती. माझे होणारे सासरे म्हणायचे, शीव नाल्यापाशी होती. म्हणजे दोघांनाही शीव समोरच्याच्या अंगणात हवी होती आणि माळ आपल्याकडे. त्या माळावर पिकायचं काय, तर कुसळं. गाढवसुद्धा तिकडे चरायला जायचं ते नाइलाजानं. पण त्या कुसळांसाठी हे दोघं एकमेकांचा रामराम घेईनासे झाले होते.

तुम्ही म्हणाल, मग सोयरीक कशी झाली? एका मध्यस्थानं लावली. तो म्हणाला, "पोरगी तिकडे गेली का शिवेचं भांडन आपोआप मिटते." आपोआप काय मिटतं, बाप्पा? आपोआप फक्त भाकर करपते. पण माझ्या आईला घाई झाली होती. मी उंच, रंगानं सावळी, वर तोंडाळ. बरीच स्थळं येऊन पोहे खाऊन गेली होती, आणि प्रत्येक वेळी आई म्हणायची, "उलसक तोंड मिटून बसली असती तं काय झालं असतं तुले?" हे स्थळ पाहायला आलं तेव्हा मी खरंच तोंड मिटून बसले होते. मुलगा एसटीत कंडक्टर. त्यानं बशी उचलली आणि सगळा चहा स्वतःच्या पँटवर सांडला. त्याच्या वडिलांनी असे डोळे वटारले की दुसरा कोणी असता तर जागच्या जागी विरघळला असता. हा पठ्ठ्या खो खो हसत सुटला. मलाही हसू फुटलं. त्या घरात हसता येणारा एक तरी माणूस आहे, एवढं मला पुरलं. मला हाच नवरा हवा होता. त्या काळी पोरींनी हे बोलायचं नसायचं. आता मला कोण काय करणार आहे?

सुपारी फुटली, मालेगावच्या जैन शेठच्या दुकानात जाऊन लग्नाच्या कपड्यांचा बस्ता बांधून झाला, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पाय कुठं धुवायचे?

आमच्याकडे वरात आली की मुलीकडचे ताट-तांब्या घेऊन शिवेवर जातात. तिथं नवरदेवाचे पाय धुवायचे, ओवाळायचं, मग त्याला मानानं गावात आणायचं. आता शीवच ठरलेली नाही तर पाय धुणार कुठं? बाबा म्हणाले, "पळसापाशी. आपल्या शिवेवर आपन पाय धुवू." तिकडून निरोप आला, "पळस आमच्या गावात आहे. माह्याच गावात माह्या पोराचे पाय धुवाले हे कोन? नाल्यापावतर आमी सरळ येऊ, मधात कोनी ताट आडवं केलं तं वरात माघारी नेऊ." एकदा पंचक्रोशीच्या देखत जिथं पाय धुतले जातील तीच कायमची शीव, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून दोघंही हटेनात. आणि या दोन हट्ट्यांच्या मध्ये माझं लग्न अडकलं.

नेमका त्याच उन्हाळ्यात टेकडीवर तंबू पडला. एकोणऐंशीचा तो उन्हाळा. जीपमधून एक साहेब आला, दूरच्या मुलखातला, केंद्राच्या मोजणीचा. त्याची हिंदी आपल्यासारखीच मोडकी, त्यामुळे बोलणं जमायचं. बरोबर दोन मदतनीस, एक जड पेटी आणि तिपाईवर उभी केलेली एक दांडी. त्याच्या कागदावर लिहिलेलं होतं की या टेकडीवर खूण कोरलेला दगड आहे. टेकडीवर तर दगड नाही. त्यानं चावडीवर येऊन विचारलं, "पत्थर कहाँ गया?" सगळं गाव आभाळाकडे बघायला लागलं.

तर त्या दगडाची जागा पुन्हा पक्की करायची हे त्याचं काम. आणि तलाठ्यानं चहा पिता पिता सांगून टाकलं की जुन्या नकाशात शिवेचा दगड टेकडीच्या दगडापासून कोणत्या दिशेला आणि किती लांब, ते लिहिलेलं आहे. म्हणजे टेकडीची जागा ठरली की तिथून साखळीनं मोजत गेलं की शीव सापडली! झालं. चहाचा कप खाली ठेवायच्या आत ही बातमी दोन्ही गावांत पोचली.

दुसऱ्याच दिवशी बाबा टेकडीवर निघाले. मला बरोबर घेतलं, कारण मी मॅट्रिक झालेली आणि बाबांची हिंदी म्हणजे 'क्या है' आणि 'क्यों है' एवढीच. साहेब माणूस भला. त्यानं आम्हाला सावलीत बसवून सगळं समजावलं. म्हणाला, वाशीमला रुळाजवळ उभं राहून गाडीची शिट्टी ऐकली आहे का? गाडी येताना शिट्टीचा आवाज चढा असतो, पुढून निघून गेली की उतरतो. तसे आभाळातून उपग्रह जातात, त्यांची शिट्टी ही दांडी ऐकते. आवाज कसा उतरला, त्यावरून पेटी हिशोब करते की आपण पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहोत.

मी हे बाबांना सांगितलं. बाबांनी आभाळाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "विचार त्याले, पळस सांगते का नाला सांगते?"

त्या दुपारी पेटीतून कागदाची पट्टी निघाली. साहेबाची माणसं साखळी घेऊन माळावर उतरली, मोजत मोजत गेली आणि खुंटी ठोकली ती पळसाजवळ. बाबा धावत घरी आले. अख्ख्या आळीत गूळ वाटला आणि एक मोठा खडा साहेबाला पाठवला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मापाची पट्टी निघाली. साखळी पुन्हा माळावर उतरली, आणि खुंटी ठोकली ती नाल्याजवळ. आता तिकडच्या गावातून साहेबाला गूळ आला. त्याच दुपारी खुंटी पुन्हा पळसाकडे सरकली, आमच्याकडून गूळ गेला. असं काही दिवस चाललं. माझी शीव रोज सकाळी माहेरी यायची आणि दुपारी सासरी निघायची. साहेबाच्या तंबूत गुळाचा ढीग झाला, ढिगाला मुंग्या लागल्या, आणि एका मदतनिसाला मुंग्यांनी असा फोडून काढला की तो म्हणे, मला बदली द्या.

माझं डोकं फिरलं. मी एकटी टेकडीवर गेले आणि म्हटलं, "साहेब, एक काय ते सांगा. इथं माझं लग्न अडून राह्यलं आहे."

साहेबानं कपाळावरचा घाम पुसला. म्हणाला, "बहनजी, गलती हमारी नहीं, सूरज की है." मला वाटलं, ऊन लागलं बिचाऱ्याला. पण त्यानं दुर्बीण सूर्याकडे वळवली, तिच्या मागं पांढरा कागद धरला आणि सूर्याचं चित्र कागदावर पाडून दाखवलं. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, डोळा जातो, असं दोनदा बजावलं. त्या पांढऱ्या गोलावर काळे डाग होते. एक नाही, चांगले पुंजकेच्या पुंजके. म्हणाला, सूर्याला अशी काही वर्षं येतात, अंगावर डाग उठतात आणि तो जास्त खवळतो. यंदा फारच खवळला आहे. त्याच्या माऱ्यानं वरची हवा दिवसभर बिघडलेली असते, तिच्यातून येताना शिट्टी फसते, आणि पेटीला चुकीची जागा कळते. पेटीला खरं तर दोन कान आहेत. दोन कानांनी दोन सूर ऐकून ती ही फसवणूक ओळखते. पण एक कान नादुरुस्त होऊन दुरुस्तीला गेला आहे. दिवस मावळला की वरची हवा हळूहळू निवते, पहाटेचं माप त्यातल्या त्यात खरं. पण पुष्कळ पहाटेची मापं घेऊन मेळ घालावा लागेल, तेव्हा कुठं शीव सांगता येईल.

मी घरी येऊन हे सगळं सांगितलं. पहाटेचं माप खरं म्हणजे शीव नाल्याकडे, हे बाबांच्या लगेच ध्यानात आलं. म्हणाले, "पहाटे मानूस धड जागा नसते, पेटी कुठून राहीन? आन् सूर्याच्या तोंडावर डाग? कोनाले सांगून राह्यली?"

"मी डोळ्यानं पाह्यले बाबा. काळे, पुंजके पुंजके."

"आन् अंगात ताप?"

"साहेब म्हनते, लय तापला आहे."

एवढं बोलणं झालं आणि चुलीपाशी बसलेली माझी आत्या उठून उभी राहिली. आत्या म्हणजे बाबांची मोठी विधवा बहीण. गावात कोणाला गोवर येवो, कांजिण्या येवोत, देवी येवोत, ही लिंबाचा पाला घेऊन हजर. ताप आणि अंगावर फोड, एवढं कानावर पडलं की तिच्या हातांना चैन पडायची नाही. ती म्हणाली, "अवो, मंग सरळ सांगा ना. सूर्याले देवी आल्या!"

आम्ही हसलो. तिथंच चुकलो. आत्या हसत नव्हती. तिचा विचार सरळ होता, सूर्यापर्यंत आपला हात पोचत नाही, पण टेकडीवर ती दांडी दिवसरात्र त्याच्याकडे तोंड करून उभी आहे ना? दुसऱ्या दिवशी साहेब काही सामानासाठी मालेगावला गेला होता, मदतनीस पाण्याला उतरले होते. तिन्हीसांजेला आत्या आळीतल्या बायका घेऊन टेकडीवर गेली. दांडीला शेंड्यापासून बुडापर्यंत लिंबाचा पाला बांधला. पेटीला थंडावा म्हणून वरून दहीभात लिंपला. हात जोडले, "बाई माय, शांत हो, लेकराचं लगीन आहे" म्हणाली आणि खाली आली. बांधताना ओढाताण झाली तिच्यात दांडी चांगली कलली, पण ते कोण बघणार?

मदतनीस अंधारात परतले आणि न बघता तशीच पट्टी काढली. त्या पहाटे पेटीनं जे माप दिलं त्यात आमची शीव थेट केनवडच्या बाजारात जाऊन बसली. कुठं केनवड आणि कुठं आम्ही! बाबांचा चेहरा क्षणभर असा खुलला की काय सांगू. केनवडपर्यंत सगळा मुलूख आपला! मग त्यांच्याही लक्षात आलं की मध्ये बरीच गावं आहेत आणि ती ऐकायची नाहीत.

साहेब परत आला तेव्हा दांडीला पाला आणि पेटीवर आंबलेला भात. आयुष्यात पहिल्यांदाच तो ओरडला असावा, कारण ओरडता ओरडता त्याचा आवाजच बसला. आत्या घाबरली नाही. उलट त्यालाच समजावू लागली, "साहेब, दही पुसू नका. ताप उतरू द्या आधी." पेटी उघडून धुवावी लागली, वाळवावी लागली, दांडी पुन्हा सरळ करावी लागली. एवढ्यात लग्न येऊन ठेपलं. घेतलेल्या मापांचा मेळ नीट बसेना आणि नवीन मापं घ्यायला पहाटा उरल्या नाहीत.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त गोरज, म्हणजे गाई घरी यायच्या वेळेचा. मी पिवळं नेसून, मुंडावळ्या बांधून घरात बसलेली. वाजंत्रीचा आवाज माळावरून आला आणि मधेच थांबला. बराच वेळ झाला, वाजंत्री काही पुन्हा सुरू होईना. मग माझे मामा धापा टाकत आले. "घोडं अडलं, बाई."

बाबा आणि आमची माणसं ताट घेऊन पळसापाशी उभी होती. वरात तिथं आली, आणि सासऱ्यांनी दमणी, म्हणजे आमची नवरदेव बसवायची हलकी बैलगाडी, जागेवर थांबवली. म्हणाले, ताट उचला, नाल्यापाशी न्या. बाबा म्हणाले, पोराले खाली उतरवा, शीव इथं आहे. हे म्हणे नाही, ते म्हणे नाही. साहेबाला टेकडीवरून बोलावून आणलं होतं, पण त्याचं कोणी ऐकेना. सासरे म्हणाले म्हणे, "दिवस बुडेपावतर वाट पाहीन. नाई तं माघारी. पोरीची काय कमी आहे?"

हे शेवटचं ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीची कमी नाही? इथं मी डोळ्यांत प्राण आणून वाट बघते आहे, आणि तिथं हे दोन म्हातारे कुसळांसाठी माझं लग्न मोडायला निघाले! मी उठले. आई म्हणाली, "कुठं चालली?" म्हटलं, "शीव सापडते का पाहतो." आई कपाळावर हात मारून घेत राहिली आणि मी मुंडावळ्या सावरत नाला ओलांडून निघाले. मामा मागून, "अवो बाई, नवरी अशी जाते काय, अवो बाई..."

पळसापाशी काय दृश्य होतं! वाजंत्रीवाले पागोट्यांवर डोकं ठेवून झोपलेले. बाबा ताट धरून उन्हात उभे, ताटातलं कुंकू घामानं वितळून त्यांच्या मनगटापर्यंत आलेलं. सासरे गाडीच्या धुरेवर मांडी घालून बसलेले. दमणीत माझा नवरा, बाशिंग एका कानावर आलेलं, गमज्यानं वारा घेत होता. मला बघितलं आणि त्याला हसू आवरेना. खरं सांगते, तो हसला म्हणून मला बळ आलं.

बाबा ओरडले, "तू कायले आली? नवरीनं यावं काय असं?"

"नवरदेव येऊन नाई राह्यला, मंग नवरीले यावंच लागन ना."

आणि मी साहेबाकडे वळले. माळाच्या मधोमध एक खुंटी होती. सगळी मापं मिळून आली ती ही जागा, असं तो घसा खरवडून सगळ्यांना सांगत होता. मी विचारलं, "साहेब, या खुंटीत चूक किती?"

"बहुत है. चारों तरफ़ से."

"म्हणजे शीव पळसापाशी असू शकते?"

"हो सकती है."

बाबांनी मान ताठ केली.

"नाल्यापाशी?"

"वो भी हो सकती है."

सासऱ्यांनी मान ताठ केली.

"आणि मधे?"

"कहीं भी हो सकती है, बहनजी. जब तक सूरज ऐसा है, मैं इससे ज़्यादा नहीं बोल सकता."

"ऐकलं?" मी दोघांकडे बघून म्हणाले. "शीव म्हनजे रेघ नाई. पळसापासून नाल्यापावतर हे एवढं मोठं रिंगण आहे. तुमी दोघंबी त्या रिंगणातच उभे आहा. कुठंबी पाय धुवा, शिवेवरच धुतले असं होते. आता धुता का मी धुवू?"

साहेबाच्या डोळ्यांत चमक आली. त्यानं जीपमधून खुणा करायची चुन्याची फक्की काढली. एक मदतनीस मागं बसून फक्की सोडू लागला, जीप हळूहळू निघाली आणि पळसाला, नाल्याला घेत माळावर एक मोठं पांढरं रिंगण ओढून परत आली. असा सोहळा आमच्याकडे कोणी पाहिला नव्हता. झोपलेले वाजंत्रीवाले उठून बसले.

बाबांनी रिंगणाकडे बघत विचारलं, "म्हनजे शीव पळसापाशी नाई, असं साहेब म्हनत नाई ना?"

"नाई म्हनत."

"मंग ठीक आहे."

सासऱ्यांनीही तसंच नाल्याचं विचारून घेतलं. ते रोज सकाळी सूर्याला अर्घ्य देणारे. त्यांनी मावळतीकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "सूर्यनारायनालेच शीव सांगायची नाई, तं आपन कोन बाप्पा?" दोघांनाही मान खाली घालावी लागली नाही, आणि दोष द्यायला असा कोणी सापडला की जो खाली येऊन भांडणार नव्हता. इकडून बाबा, तिकडून सासरे, खुंटीपाशी चालत आले. पाय धुतले गेले. गाई घरी येत होत्या तेव्हा माझ्यावर अक्षता पडल्या.

पण माझा राग गेला नव्हता. सगळे म्हणत होते, पोरीनं काय डोकं चालवलं! मला मात्र एकच दिसत होतं, माझं लग्न मोडत असताना माझा बाप ताट धरून उभा राहिला, पण मागं सरला नाही. माझ्यापेक्षा त्यांना कुसळं मोठी वाटली. रात्री पंगतीला ते माझ्याजवळ आले, बुंदीचा घास पुढं केला, मी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर पाठवणी निघाली. आमच्याकडे लेकीला शिवेपर्यंत पोचवायचं, तिथून माघारी वळायचं. आई, आत्या, सगळ्या बायका नाल्यापर्यंत आल्या, रडल्या आणि थांबल्या. मी दमणीत बसलेली. बाबा दमणीच्या कठड्यावर हात ठेवून बाजूनं चालत नाल्यात उतरले आणि पलीकडे चढले. मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

खुंटी आली, गेली. पळस आला. पळसापाशी फक्कीची पांढरी रेघ होती. मी मनात म्हटलं, आता इथं थांबतील, स्वतःच्या शिवेवर, छाती पुढं काढून. बाबांनी रेघ ओलांडली. हात कठड्यावर तसाच.

पुढच्या गाडीतून सासऱ्यांनी मागं वळून व्याह्यांकडे पाहिलं. "इवाई, शीव मांगं गेली."

"साहेबाची चूक आहे ते," बाबा म्हणाले. "सूर्य तापला म्हनजे रिंगण मोठं होते."

"किती मोठं?"

"ते साहेबालेबी ठाव नाई."

सासरे पुन्हा पुढं वळले. गाड्या चालत राहिल्या. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं, सावली कुठंच नाही. बाबांना दम लागला होता, पण हात सुटत नव्हता. मग त्या गावची विहीर आली, मग घरं लागली. बायका दारात येऊन बघायला लागल्या, की नवरीचा बाप आपल्या गावात कसा काय? ज्या गावाचा रामराम त्यांनी घेतला नव्हता, त्या गावातून ते मान खाली घालून माझ्या गाडीबरोबर चालत होते. मला रडू आलं. मी कठड्यावरच्या त्यांच्या हातावर माझा हात ठेवला, आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

दमणी सासऱ्यांच्या दारात थांबली. आतून कोणीतरी रिवाजाप्रमाणे पाण्याचा तांब्या आणला. बाबांचे ओठ सुकले होते, पण त्यांनी मान हलवली. आमच्याकडे बाप लेकीच्या गावचं पाणी पीत नाही, निदान मांडीवर नातवंड येईपर्यंत तरी नाही. आणलेला तांब्या परत निघाला.

सासऱ्यांनी तो बाईच्या हातातून काढून घेतला. त्या माळासाठी इतकी वर्षं भांडलेला तो माणूस, स्वतःच्या अंगणात, सगळ्या गावाच्या देखत बाबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "इवाई, सूर्य बुडाला नाई अजून. साहेबाच्या हिशोबानं हे तुमचंच गाव आहे. प्या."

बाबांनी तांब्या घेतला, आणि माझ्याकडे पाठ करून सगळं पाणी प्यायले.